मिनिटाला बेचाळीस थेंब

२४ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठी कामं होतात तेव्हा ती कोणीतरी नोंदवून ठेवायला हवीत, आणि घरात या कामाला दुसरं कोणी तयार नाही.

काम असं. स्वस्तात मुक्कामाची एक हॉटेल चेन आहे. एकतीस हॉटेलं, सगळीकडे सारख्याच खोल्या, सारखेच पडदे, सारखाच इवलासा साबण. त्या सगळ्यांची बाथरूम्स यंदा नव्याने होणार. तीन हजारांच्या वर. एवढे नळ मी सव्वीस वर्षांत विकले नसतील. म्हणजे विकले असतील, पण एकदम नाही.

धाकट्या मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. थोरले मालक गेल्यापासून कंपनी हेच बघतात. मला काका म्हणतात. मी यांना हाफ पॅन्टमध्ये पाहिलंय, तेव्हा म्हणत नव्हते. म्हणाले, ही ऑर्डर आणलीत तर विभागप्रमुख. नाही आणलीत तर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं खाली स्पेअरच्या काउंटरवर बसा, तिथे माणूस कमी पडतोय. मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांना विनोद जरा उशिरा कळतो.

स्पेअरचा काउंटर म्हणजे तळमजल्यावरची एक खिडकी. लोक टोकन घेऊन रांगेत उभे राहतात आणि आतला माणूस दिवसभर वॉशर देतो. सव्वीस वर्षं टाय बांधलेल्या माणसाने तिथे बसायचं? प्रश्नच येत नाही, कारण ऑर्डर मी आणणार आहे.

लिहायचं टेबल हलतं. हेड ऑफिसचं एक पत्रक गेल्या वर्षापासून बॅगेत पडून होतं. त्याची जाड घडी करून पायाखाली सारली. आता टेबल जागचं हलत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी बायकोने बाथरूमच्या नळाचा विषय काढला. हा नळ म्हणजे आमच्या कंपनीच्या नव्या ‘सिरीज सात’चा पहिला नग. मीच कौतुकाने घरी आणून बसवून घेतला. चौदा महिने झाले. बायकोच्या मते त्यातले दहा महिने तो गळतोय. मी पुन्हा एकदा शांतपणे समजावलं, की आमच्या कंपनीचा नळ गळत नसतो. इमारतीच्या टाकीला प्रेशर जास्त आहे.

ती म्हणाली, मग टाकी बदलून आणा.

नळाखाली बादली असते. ते पाणी ती गॅलरीतल्या झाडांना घालते. झाडं जोमात आहेत. थोडक्यात, नुकसान कोणाचंच नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

चेनच्या खरेदीप्रमुखांचं पत्र आलं. ५ मार्चला सकाळी साडेदहाची वेळ दिली आहे. यांचं मुख्य ऑफिस यांच्याच एका हॉटेलच्या मागच्या बाजूला आहे, बसने साडेतीन तास. पत्राच्या खालच्या अर्ध्या भागात ‘चाचणीच्या मजल्याचा अहवाल’ वगैरे काहीतरी होतं. असली पत्रं शेवटपर्यंत वाचत बसलो तर माल विकायचा कधी?

त्यावरून आठवलं, मागच्या पावसाळ्यानंतर यांच्याकडून सॅम्पलचा एक फॉर्म आला होता. नळाच्या टोपीचा रंग कोणता, कंपनीचं नाव छापायचं की नाही, अशा चौकटी. मी कुठेतरी टिक करून, सही करून फॅक्टरीत धाडला होता. माल गेला असेल. किंवा नसेलही.

रात्री. कल्पना सुचली. आदल्या दिवशीच जाऊन यांच्या हॉटेलात मुक्काम करायचा. सध्या तिथे कोणाचे नळ आहेत ते बघायचं, त्यातले दोष हेरायचे आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये एकेक करून टेबलावर मांडायचे. ही बुद्धी बाजारात विकत मिळत नाही.

२ मार्च, रविवार

बायको म्हणते, मीही येणार. लग्नकार्याशिवाय ती कधी हॉटेलात राहिलेली नाही. मी म्हटलं, हे काम आहे. ती म्हणाली, तुम्ही करा काम, मी झोपेन.

विचार केला तर हे बरंच आहे. सोबत बायको असली की माणूस साधा प्रवासी वाटतो, कोणाला संशय येत नाही. मात्र तिला बजावलं, की मी नळाच्या धंद्यात आहे हे तिथे कोणालाही सांगायचं नाही. ती म्हणाली, मी इथेही सांगत नाही.

तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली आहे. जायला दोन दिवस आहेत.

४ मार्च, मंगळवार

दुपारी २.१५. पोहोचलो. रिसेप्शनवर एक चुणचुणीत मुलगी. आधी ठरवल्याप्रमाणे मी सांगितलं की मी शिक्षक आहे, भूगोल शिकवतो. तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, पावती कंपनीच्या नावाने करायची का? बुकिंग ऑफिसच्या ईमेलवरून झालं होतं, हे माझ्या लक्षातून निसटलं. बायको म्हणाली, हो, कंपनीच्याच नावाने करा.

मुलीने पुन्हा स्क्रीन पाहिली आणि एकदम खुलली. म्हणाली, मग तुम्हाला चौथ्या मजल्यावर देते सर, तिथे सगळे नवे फिटिंग्ज आहेत, तुम्हाला बघायला आवडतील. माणसाचं वजन चेहऱ्यावर दिसतं, ते लपवून लपत नाही.

३.००. खोली ४१२. पलंग, टेबल, किटली, दोन कप, बिस्किटांची चार पुडकी. खिडकीतून पार्किंग दिसतं. पडदा एका बाजूने ओढला की दुसऱ्या बाजूने उघडा पडतो. एसीचा रिमोट भिंतीला बांधलेला आहे, जणू आम्ही तो पळवून नेणार होतो. नोंद केली.

बायको पलंगावर बसली, मग आडवी झाली. म्हणाली, अहो, चादरीला एक सुरकुती नाही. मी म्हटलं, पडद्याकडे बघ. ती म्हणाली, मी छताकडे बघतेय.

३.२०. बाथरूम.

सोनं सापडलं! बेसिनचा नळ गळतोय! गरम पाण्याच्या बाजूने, टप टप टप, अगदी नेमाने. टोप्या भडक नारिंगी रंगाच्या. ज्याने हा रंग निवडला त्याला बाथरूममध्ये पाऊल ठेवू देऊ नये. कंपनीचं नाव कुठेच नाही. साहजिक आहे, असल्या मालावर नाव घालायची कोणाची हिंमत होईल?

पण माझ्यापासून काय लपणार? सव्वीस वर्षांत माझा कान असा तयार झालाय की नुसत्या आवाजावरून नळ ओळखतो. बेसिनमध्ये वाकून दोन मिनिटं कान लावला. हा आमच्या स्पर्धकाचा, समोरच्या कंपनीचा माल. शंभर टक्के. आतलं पितळ हलकं असलं की थेंब असा पोकळ वाजतो.

बायको हात धुवायला आली आणि म्हणाली, वरची टोपी काढली तर हा आपल्या घरचाच आहे. बायकांना सगळे नळ सारखेच दिसतात. त्यात तिचा दोष नाही, तिला कोणी प्रशिक्षण दिलेलं नाही.

५.४०. घड्याळ लावून थेंब मोजले. मिनिटाला बेचाळीस. तीनदा मोजले, तिन्ही वेळा बेचाळीस.

मग मोबाइलवर व्हिडिओ काढला. पहिल्या वेळी मध्येच बायकोने दारातून विचारलं की हे टॉवेल आपण न्यायचे असतात का. दुसऱ्या वेळी माझाच हात लागून नळ नीट बंद झाला आणि चक्क गळायचा थांबला, मग थोडा सैल करून ठेवला. तिसरा व्हिडिओ उत्तम आला. त्यात मी बोलतोही आहे: ‘हा आहे हलक्या मालाचा परिणाम. प्रवासी झोपणार कसा?’ आवाज भारदस्त आलाय.

७.३०. एका खोलीवरून निष्कर्ष काढणं शास्त्रीय नाही. म्हणून मजल्यावरच्या पाच खोल्यांची दारं वाजवून विचारून आलो. चार ठिकाणी नळ गळतोय. ४०९ मध्ये औषधं विकणारा एक फिरता गृहस्थ होता, त्याने नळाला मोजा बांधून त्याचं टोक बेसिनमध्ये सोडलंय, म्हणजे पाणी मोज्यातून गुपचूप उतरतं. हुशार माणूस. पाचव्या खोलीतल्या बाईंनी दार न उघडताच माझी चौकशी केली, ती इथे लिहिण्यासारखी नाही.

७.५०. रिसेप्शनवरून फोन. चौथ्या मजल्यावर कोणी गृहस्थ दारं वाजवत फिरताहेत, तुम्हाला काही त्रास झाला का, असं विचारलं. मी सांगितलं, आम्हाला नाही झाला.

१०.००. बायकोने किटलीत चहा केला, दोन बिस्किटं खाल्ली आणि झोपली. तिला त्या टपटपीचा काही त्रास नाही. म्हणे, अगदी घरच्यासारखं वाटतंय.

मी उद्याच्या मीटिंगची तयारी केली. आधी नम्रपणे बोलायचं, मग व्हिडिओ, मग बेचाळीस, मग पाचपैकी चार खोल्या. शेवटी आवाज खाली आणून म्हणायचं: मॅडम, आता आमचा माल बघा. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. अंगावर काटा आला.

१.१०. टप टप टप. झोप नाही. समोरच्या कंपनीवाल्यांना लाज कशी वाटत नाही?

५ मार्च, बुधवार

सकाळी ७.४५. नाश्त्याच्या हॉलमध्ये. टोस्टरला फिरता पट्टा आहे. पाव एका बाजूने ठेवायचा, तो आत जातो आणि दुसऱ्या बाजूने खाली पडतो. माझा पाव गोराच बाहेर आला. पुन्हा ठेवला, तर कोळसा होऊन आला. नोंद केली.

बायको सातला उठली. म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा असं झालं की सकाळी डोळे उघडले आणि कोणी चहा मागितला नाही. हे ती ऑम्लेट खाताखाता सहज म्हणाली. मी ज्यूस आणायला गेलो.

८.२०. टेबलावर अभिप्रायाचं कार्ड होतं. आम्ही दोघांनी मिळून भरलं. ‘खोली’: तिने उत्तमवर खूण केली, मी ठीकवर. ‘झोप’: तिची उत्तम, माझी अत्यंत वाईट. ‘स्वच्छता’: दोघांची उत्तम, कारण मी खोटं बोलत नाही. ‘पुन्हा याल का?’ यापुढे तिने हो लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. ‘तक्रार’ या चौकटीत जागा पुरेना, म्हणून कार्डाच्या मागे लिहिलं. नळाबद्दल सोळा ओळी. खाली नाव, हुद्दा, सही.

बायकोने ते सगळं वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “अहो, तो व्हिडिओ लगेच दाखवू नका. आधी त्यांना विचारा, नळ कोणाचे आहेत.”

मी समजावलं, की विक्रीत विचारायचं नसतं, सांगायचं असतं. तिने माझ्या टायवर पडलेला टोस्टचा चुरा झटकला.

१०.१५. मागच्या इमारतीत, केबिनबाहेरच्या बाकावर बसलोय. बायको हॉटेलच्या लॉबीत बॅगा घेऊन थांबली आहे. हात अगदी कोरडे. म्हणजे आत्मविश्वास आहे. घशालाही कोरड पडली आहे, पण ती एसीमुळे.

१२.३०. आज लिहिण्यासारखं विशेष काही नाही.

४.००. बसमध्ये. बायकोचा डोळा लागलाय. लिहूनच टाकतो.

खरेदीप्रमुख म्हणजे पन्नाशीच्या एक बाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं अगदी मोजकं. माझं अभिप्रायाचं कार्ड त्यांच्यापर्यंत आधीच पोहोचलं होतं. त्या म्हणाल्या, तुम्ही फार बारकाईने लिहिलंय. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला, मग शेजारच्या खोलीतून त्यांच्या मेन्टेनन्सच्या माणसाला बोलावून पुन्हा लावायला सांगितला. तो माणूस व्हिडिओकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होता. मला वाटलं, भारावला असेल. मी बेचाळीस सांगितले, पाचपैकी चार खोल्या सांगितल्या, ४०९ मधला मोजाही सांगितला. आवाज अजून खाली आणायचा होता, तोवर बाईंनी विचारलं,

“म्हणजे तुमच्या अनुभवानुसार हा माल आम्ही घेऊ नये?”

“फुकट दिला तरी घेऊ नका,” मी म्हणालो.

हे लिहून द्याल का, असं त्यांनी विचारलं. मी आनंदाने लिहून दिलं. पूर्ण सही केली, खालच्या दोन टिंबांसकट.

मग त्यांनी एक फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली. सॅम्पलचा फॉर्म. टोपीचा रंग: नारिंगी, टिक. कंपनीचं नाव छापायचं का: नाही, टिक. माल: सिरीज सात, संपूर्ण चौथा मजला, चार महिन्यांच्या चाचणीसाठी. खाली माझी सही. नुकतीच केलेली सही शेजारीच होती. दोन्ही तंतोतंत सारख्या, टिंबंसुद्धा.

त्या क्षणी मी काय बोललो ते लिहायला नको वाटतं, पण रोजनिशीत लपवायचं कोणापासून? मी म्हणालो की तुमच्या टाकीला प्रेशर जास्त असेल.

मेन्टेनन्सवाला म्हणाला, टाकी सगळ्या मजल्यांना एकच आहे. बाकीचे मजले गळत नाहीत.

बाई हसल्या नाहीत. एवढा मोठेपणा त्यांनी दाखवला. मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, चाचणीचा अहवाल आम्हाला लिहायचाच होता, तुम्ही तो आयता लिहून दिलात. स्वतःच्याच मालाबद्दल इतकं खरं बोलणारा विक्रेता त्यांना अकरा वर्षांत भेटला नव्हता म्हणे. हे वाक्य धाकट्या मालकांना सांगायला हवं. अशी शाबासकी काही रोज मिळत नाही.

लॉबीत आलो तर बायको बॅगा घेऊन बसली होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. किटलीजवळची उरलेली पुडकी तिने पर्समध्ये घातली होती, त्यातलं एक फोडून माझ्या हातात ठेवलं. खूप वाईट वाटलं. हे इथे लिहितो, बाहेर बोलणार नाही.

६ मार्च, गुरुवार

धाकट्या मालकांना शाबासकीचं वाक्य सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं. त्यांच्या टेबलावर माझ्या हस्ताक्षरातला कागद होता, हॉटेलवाल्या बाईंनी पत्रासोबत त्याची प्रत पाठवली होती.

म्हणाले, काका, सतरा तारखेपासून खाली.

८ मार्च, शनिवार

शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं, की काउंटर ही मोक्याची जागा आहे. ग्राहकाशी थेट संबंध. प्रवास नाही, दगदग नाही. धाकट्या मालकांना हे आधीपासून करायचं असणार, पण मला सरळ सांगायचा त्यांना संकोच वाटला असावा. तिथे गेल्यावर मी टोकनची पद्धत बदलणार, खिडकी मोठी करून घेणार, आत एक बोर्ड लावणार. आराखडा काढून ठेवला.

बायकोला दाखवला. ती म्हणाली, छान आहे. मग म्हणाली, नळ?

मी म्हटलं, तो विषय आता घरात नको.

१० मार्च, सोमवार

विषय निघाला नाही. बादली भरली होती.

१३ मार्च, गुरुवार

बायको आज तीन वेळा सहज म्हणाली, त्या हॉटेलात किती छान झोप लागली होती. चौथ्यांदा म्हणाली तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. गेल्या आठवड्यापासून नीट झोप नाही. पूर्वी मला आमच्या नळाचा आवाज ऐकू येत नसे. आता येतो. मोजायचा नाही असं ठरवलं होतं.

एकेचाळीस.

१७ मार्च, सोमवार

सकाळी १०.००. काउंटरचा पहिला दिवस. टाय बांधला.

इथे जे गृहस्थ आधीपासून बसतात त्यांना सगळे डबीवाले म्हणतात, कारण प्रत्येक जातीच्या वॉशरसाठी त्यांची वेगळी पत्र्याची डबी आहे, भिंतभर. डबीवर चिठ्ठी नाही, सगळं डोक्यात. मी माझा आराखडा दाखवला. ते म्हणाले, बघू, आधी खिडकीजवळ बसा, खिडकी उघडली की वाऱ्याचा झोत येतो, टाय उडेल.

११.४०. आतापर्यंत नऊ गिऱ्हाइकं. आठ जणांना मी चुकीचा वॉशर दिला, डबीवाल्यांनी मागे न बघता बदलून दिला. सव्वीस वर्षं मी नळ विकतोय, पण नळाच्या आत काय काय असतं हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं.

१२.१०. टोकन दहा. मान वर केली तर समोर बायको. रांगेत उभी राहून आली होती. हातात कागदाची पुडी.

मी खालच्या आवाजात म्हटलं, अगं, तू इथे कशाला? मागे चार माणसं उभी होती.

“सिरीज सातचा वॉशर द्या,” ती म्हणाली. “गरम बाजूचा.”

मी विचारलं, कशासाठी.

“घरी प्लंबर बोलावला असता तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. म्हणून इतके दिवस नाही बोलावला. आता तुम्हीच बसवा.”

तिने पुडी उघडली. आत काळा वॉशर होता, कडेने आकसून फाटलेला. शेजारच्या बाईंचा पाना आणून तिने आज सकाळी स्वतःच काढला होता. ती दहा महिने माझ्यासाठी बादली बदलत होती आणि मी तिला प्रेशर शिकवत होतो.

मी काळ्या वॉशरच्या डबीकडे हात नेला. डबीवाले म्हणाले, तो नको, लाल द्या. काळा गरम पाण्याने आकसतो, चार महिन्यांत गळायला लागतो. पहिल्या लॉटमध्ये चुकून काळा गेला होता. मी विचारलं, मग कोणाला कळवलं का नाही? त्यांनी ड्रॉवरमधून फाइल काढून एका पानावर बोट ठेवलं. गेल्या वर्षी सगळ्या विक्रेत्यांना पत्रक पाठवलं होतं. पोच म्हणून खाली सह्या. तिसरी माझी, टिंबांसकट.

बायकोने लाल वॉशर घेतला आणि खिडकीतून म्हणाली, टाय छान दिसतोय.

रात्री ८.३०. नळ दुरुस्त केला. अकरा मिनिटं लागली, त्यातली सहा मुख्य कॉक कुठे आहे ते बायकोला न विचारता शोधण्यात. बायकोने टॉर्च धरला. लाल वॉशर बसवला, नळ आवळला, दोघंही नळाकडे बघत उभे राहिलो. एक मिनिट झालं. दोन मिनिटं झाली. एकही थेंब नाही. ती म्हणाली, आता झाडांना वेगळं पाणी घालावं लागेल.

९.१५. टेबलाखालून पत्रक काढलं. धूळ झटकून शेवटपर्यंत वाचलं. सगळ्या मिळून तीन ओळी आहेत. ‘सिरीज सात, पहिला लॉट. गरम बाजूचा काळा वॉशर काढून लाल बसवावा. कोणतंही सॅम्पल पाठवण्यापूर्वी हे अवश्य करावं.’

अकरा मिनिटांचं काम होतं. एकदा घरी केलं असतं तर चौथ्या मजल्यावरही झालं असतं.

पत्रक पुन्हा पायाखाली घालायला हात होईना. ते फाइलला लावणार आहे. दुसरा कागद शोधायला हवा, पण आज नको.

बायको झोपली. बाथरूममधून काहीच आवाज येत नाही. इथून पुढे अक्षर थोडं वाकडं दिसेल. ते टेबलामुळे.